मागचे फेरफार

बाबा २०२५ च्या जूनमध्ये माझ्याकडे कॅनडात आले, त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेत वर्षअखेरचा कार्यक्रम होता. मुख्याध्यापिकाबाई माइकसमोर आल्या आणि इथे प्रत्येक कार्यक्रमाआधी म्हणतात ते चार शब्द म्हणाल्या. बाबांनी कोपरानं ढोसलं, "काय म्हणतायत?" मी कानाशी जाऊन सांगितलं, की ही शाळा उभी आहे ती जमीन मस्क्वियम, स्क्वामिश, स्लेवॉटुथ आणि क्विकवेटलम या आदिवासी लोकांची आहे आणि त्यांनी ती कधीच कुणाला दिलेली नाही, असं त्या म्हणतायत.

"मग फेरफार कसा झाला?"

फेरफार म्हणजे जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेल्याची नोंद. बाबांच्या मते ते हळूच बोलले होते. पण तेहेतीस वर्षं तलाठी म्हणून चावडीत बसलेल्या माणसाचा हळू आवाज तो. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. सुदैवानं मराठी कुणाला कळत नव्हतं.

व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीत राहून मला अकरा वर्षं झाली. हे चार शब्द मी शाळेत, वाचनालयात, ऑफिसच्या बैठकीत किमान पाचशे वेळा तरी ऐकले असतील. गणपतीत आरतीआधी ‘शांत बसा’ म्हणतात, त्याच कानानं. नागरिकत्वाची शपथ मी २०२२ मध्ये घेतली. त्याच्या वर्षभर आधी त्या शपथेत आदिवासींच्या हक्कांचं आणि त्यांच्याशी झालेल्या करारांचं वाक्य घातलं गेलं होतं. मी ते लॅपटॉपसमोर हात वर करून म्हटलं आणि मग आम्ही जिलेबी खाल्ली. आपण राहतो त्या भागात असा करार मुळात झालेलाच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि फेरफार कसा झाला, हा प्रश्न अकरा वर्षांत एकदाही पडला नाही. तलाठ्याची मुलगी असून.

बाबांची नोकरी जुन्या ठाणे जिल्ह्यात गेली: वाडा, जव्हार, मोखाडा. सातबाऱ्यावर नाव वारली आदिवासीचं आणि शेतातलं पीक शेठचं, असे शेकडो गट त्यांनी पाहिले. महाराष्ट्रात १९७४ चा कायदा आहे, की आदिवासींच्या बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करायच्या. त्यातल्या तारखा बाबांना अजून मुखोद्गत आहेत: १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार. कलम ३६अ तर आमच्या घरात रामरक्षेसारखं ऐकू यायचं. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या नावे होत नाही. होत नाही म्हणजे कागदावर होत नाही. बाकी कशी होते, तेही बाबा सांगायचे. पण तेव्हा आवाज खरोखरच हळू असायचा.

त्यामुळे आल्याच्या चौथ्या दिवशी ते माझ्यासमोर वही घेऊन बसले. मी वाचून वाचून सांगत गेले.

इंग्लंडच्या राजाचा १७६३ चा जाहीरनामा असा, की आदिवासींची जमीन फक्त राजसत्तेनं, त्यांच्या संमतीनं घ्यावी. कॅनडात पुष्कळ ठिकाणी त्याप्रमाणे बरेवाईट, बरेचसे फसवेच, करार झाले तरी. आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हँकुव्हर बेटावर १८५० ते १८५४ मध्ये चौदा झाले, ईशान्येच्या कोपऱ्यात १८९९ मध्ये एक झाला. बाकी जवळपास अख्खा प्रांत नुसता मोजला, आखला आणि वाटला. व्हँकुव्हर शहराची नगरपालिका एप्रिल १८८६ मध्ये अस्तित्वात आली ती अशा जमिनीवर. बाबांनी वहीत लिहिलं: "संमती नाही. नोटीस नाही. हरकतीची मुदत नाही." आणि खाली रेघ मारली.

या नगरपालिकेनं जून २०१४ मध्ये एकमतानं ठराव केला, की हे शहर मस्क्वियम, स्क्वामिश आणि स्लेवॉटुथ यांच्या न दिलेल्या भूमीवर वसलेलं आहे. पुढच्याच महिन्यात ‘रिकन्सिलिएशनचं शहर’ असं स्वतःला जाहीर केलं. बाबांना हे फारच नवल वाटलं. "नगरपालिकेनं स्वतःच्याच ठरावात लिहून दिलं? वकिलानं अडवलं नाही?"

रिकन्सिलिएशनला मराठीत काय म्हणायचं, यावर आमचे दोन दिवस गेले. समेट म्हटलं की दोघांचंही थोडंथोडं चुकलेलं असतं. सलोखा जातीय दंगलीनंतर पोलिस ठाण्यात होतो. मनोमीलन एकाच पक्षाच्या दोन गटांचं, तेही निवडणुकीपुरतं. दिलजमाई जावा-जावांची. मी पोटापाण्यासाठी लोकांची हिशेबाची पुस्तकं लिहिते, त्यामुळे मला अकरावीतलं ‘बँक जुळवणी पत्रक’ आठवलं. दर महिन्याला मी तेच करते आणि त्यालाही इथे हाच शब्द आहे. आपलं पुस्तक एकीकडे, बँकेचं दुसरीकडे. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही अशी प्रत्येक नोंद शोधायची. त्यात कुणी रडत नाही, कुणी कुणाला मिठी मारत नाही. बाबा म्हणाले, "जुळवणी चालेल. पण दुसरं पुस्तक आहे कुठे?"

दुसरं पुस्तक लिहिलेलं नव्हतं, लोकांच्या तोंडी होतं. ही सगळी गोष्ट तिथेच अडते.

स्टॅनली पार्क बघायला आम्ही शनिवारी गेलो. व्हँकुव्हरला येणारा प्रत्येक पाहुणा तिथे जातो, टोटेमच्या कोरीव लाकडी खांबांपुढे फोटो काढतो. मीही अकरा वर्षं पाहुण्यांना तिथे उभं करत आले आहे. या खेपेला जाताना वाचून गेले होते. या उद्यानात ह्वाय-ह्वाय नावाचं गाव होतं. १८८८ मध्ये उद्यान खुलं झालं, त्याआधी भोवतीनं रस्ता काढायला मोजणीवाले आले. ऑगस्ट जॅक खात्सालानो नावाचे स्क्वामिश गृहस्थ तेव्हा लहान होते. त्यांनी पुढे म्हातारपणी शहराच्या दप्तरखान्याचे अधिकारी मेजर मॅथ्यूज यांना सांगितलं, की आम्ही घरात जेवत होतो आणि मोजणीवाल्यांनी आमच्या घराचा कोपरा तोडला.

बाबा थांबले. "जेवत असताना?"

मोजणीच्या साखळीमागे बाबांचा निम्मा जन्म गेला. कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या तुळशीवरून रेषा जायची. भांडणं व्हायची, म्हाताऱ्या शिव्या द्यायच्या. पण आधी हाक मारायची, पाणी मागायचं, बसायचं, मग साखळी टाकायची. हे कुठल्या नियमात नव्हतं. बाबा बराच वेळ त्या ‘जेवत असताना’पाशीच घुटमळले. पुढे मी सांगितलं, की पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे मोठे ढीग त्या गावात होते, ते खणून रस्त्यावर पसरले, पांढराशुभ्र रस्ता झाला, त्यात माणसांची हाडंही निघाली. त्यावर ते काही बोलले नाहीत.

राहिलेल्या कुटुंबांवर १९२० च्या दशकात खटले झाले. साठ वर्षांची वहिवाट सिद्ध करा, असं कोर्टाचं म्हणणं. आदिवासी म्हातारे-म्हाताऱ्या साक्षीला आल्या, पण लेखी तारखा नव्हत्या, तेव्हा त्यांचं सांगणं वजनात धरलं गेलं नाही. बहुतेक कुटुंबं हरली. टिम कमिंग्ज नावाच्या एकाला मरेपर्यंत राहू दिलं. ते १९५८ मध्ये वारले. आणि हे खटले चालू होते त्याच दशकात त्याच उद्यानात ‘इंडियन’, म्हणजे आदिवासी, शोभा म्हणून टोटेमचे खांब आणून उभे केले गेले, तेही दूरवरच्या दुसऱ्याच लोकांचे. घरच्यांना काढायचं आणि भिंतीवर परक्यांच्या पूर्वजांचे फोटो लावायचे, असा प्रकार. इथल्या तिन्ही समाजांच्या शैलीतल्या लाकडी कमानी तिथे उभ्या राहिल्या २००८ मध्ये. मस्क्वियम कलाकार सुझन पॉइंट यांनी कोरलेल्या. आम्ही फोटो तिथे काढला. बाबा फोटोत हसलेले नाहीत, पण ते कुठल्याच फोटोत हसत नाहीत.

तोंडी साक्ष पुरावा म्हणून धरावी, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं १९९७ मध्ये, डेलगामूक खटल्यात. म्हणजे दुसरं पुस्तक उघडायला परवानगी मिळाली ती माझ्या दहावीच्या आसपास.

आता सेनाक्व. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे, कारण इथे नगरपालिकेचा कस लागला.

किट्सिलानो हा व्हँकुव्हरचा समुद्रकाठचा महागडा भाग. योगावर्ग, कॉफी, कुत्री. हे नाव त्या खात्सालानो घराण्याच्याच पूर्वजांवरून आलेलं. त्याच्या कडेला, आताच्या बरार्ड पुलापाशी, स्क्वामिश लोकांचं सेनाक्व गाव होतं. सुमारे ऐंशी एकरांची राखीव जमीन. शहर वाढलं तशी ती सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. १९१३ मध्ये प्रांत सरकारच्या माणसांनी कुटुंबप्रमुखांच्या हातावर रक्कम ठेवली, बायकामुलांसकट सगळ्यांना तराफ्यावर बसवलं आणि तराफा समुद्रात ओढून नेला. मागे घरं जाळली. राखीव जमीन अशी परस्पर घ्यायचा प्रांताला अधिकारच नव्हता. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे छत्तीस-अ."

एका पुस्तकात ती विक्री आहे, रकमेसकट. दुसऱ्या पुस्तकात तराफा आणि धूर.

पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, त्याच समुद्रात कोमागाता मारू आली. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख. दोन महिने जहाज बंदरात अडवून ठेवलं आणि शेवटी परत धाडलं. इथल्या सगळ्या भारतीयांना ही गोष्ट पाठ असते. व्हँकुव्हर नगरपालिकेनं २०२१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला होता. मीही दोन टाकले होते. त्या जहाजाच्या वर्षभर आधी त्याच पाण्यावरून गेलेला तराफा मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. भारतीयांना या प्रांतात १९४७ पर्यंत मताधिकार नव्हता, आदिवासींना १९४९ पर्यंत. यादीबाहेर आपण एकत्रच उभे होतो. आत आल्यावर आपण मागे वळून पाहिलं नाही, इतकंच.

सेनाक्वच्या जमिनीचा छोटा तुकडा, साडेदहा एकर, कोर्टकचेऱ्या करून स्क्वामिश लोकांना २००० नंतर परत मिळाला. (बाबा: "सव्वाचार हेक्टर.") रेल्वेसाठी घेतलेली आणि रेल्वेला नको झालेली ती पट्टी, अर्धी पुलाखालची. आता त्यावर ते अकरा टॉवर बांधतायत, सहा हजारांवर भाड्याची घरं. राखीव जमीन असल्यामुळे नगरपालिकेचे बांधकाम नियम तिथे लागू नाहीत. आजूबाजूला तीनचार मजली घरांचा टुमदार परिसर, आणि मध्येच हे.

ठराव, कमानी, सभेच्या सुरुवातीचे चार शब्द, इथवर सगळे खूष होते. टॉवर आले आणि सूर बदलला. एवढी उंची? रहदारीचं काय? आम्हाला का नाही विचारलं? हा शेवटचा प्रश्न मला अजून हसवतो, क्षमा करा. नगरपालिकेपुढे साधा प्रश्न होता: पाणी द्यायचं की नाही? गटार जोडायचं का, आगीचा बंब पाठवायचा का? हे अडवलं असतं तर टॉवर उभे राहिलेच नसते. २०२२ मध्ये नगरपालिकेनं स्क्वामिश सत्तेशी सेवा-करार केला. पाणी, सांडपाणी, पोलिस, अग्निशमन आम्ही देऊ, पैसे तुम्ही द्या. शेजारच्या रहिवासी संघटनेनं कराराला कोर्टात आव्हान दिलं आणि २०२३ मध्ये ती हरली. करार बंद दाराआड झाला, ही त्यांची तक्रार मला अगदीच गैर वाटत नाही. नागरिकाला कळायला हवं. पण नगरपालिका तिथे बिल्डरशी बोलत नव्हती, दुसऱ्या सरकारशी बोलत होती, आणि हा फरक पचायला वेळ लागतो. मला जाऊन-येऊन वाटतं, की २०१४ चा ठराव ज्या दिवशी खरा झाला तो हा नळजोडणीचा दिवस. त्यावर कुणी भाषण केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

जूनमध्येच आणखी एक गंमत झाली. किट्सिलानोतल्या ट्रच स्ट्रीटचं नाव बदललं. जोसेफ ट्रच हा १८६४ पासून इथला जमीन-अधिकारी. राखीव जमिनी कापून लहान करणारा आणि आदिवासींचा जमिनीवर हक्कच नाही म्हणणारा. त्याच्या जागी मस्क्वियम लोकांनी त्यांच्या भाषेतलं नाव दिलं, उच्चार जवळपास ‘श्मस्क्वियमासम’. पाटीवर त्यांच्या लिपीत आणि सोबत इंग्रजीत ‘मस्क्वियमव्ह्यू’. मग सुरू झालं: ॲम्ब्युलन्स कशी येणार, गुगलला कसं सांगायचं, फॉर्ममध्ये ही अक्षरं बसतात का. या शेवटच्या त्रासाशी मी एकमत आहे. माझं आडनाव इथल्या एकाही फॉर्ममध्ये सरळ बसलेलं नाही. बाबांना पाटी बघायला घेऊन गेले. त्यांनी उच्चार तीनदा केला, तिसऱ्यांदा बरा. स्क्वामिश लिपीत तर इंग्रजी सातचा आकडा अक्षर म्हणून येतो, गळ्यात क्षणभर अडवलेला श्वास दाखवायला. हे मी सांगितल्यावर म्हणाले, "सात यांच्याकडे आहेच. बारा तेवढा राहिला."

सातबाऱ्यातला बारा म्हणजे पीक पाहणी. प्रत्यक्षात जमीन कोण कसतंय, त्याची नोंद.

ऑगस्टमध्ये हसू संपलं. सात तारखेला कोविचन या आणखी एका आदिवासी समाजाच्या खटल्याचा निकाल लागला. पाचशे तेरा दिवस सुनावणी चाललेला खटला. व्हँकुव्हरला खेटून रिचमंड शहर आहे. तिथल्या सुमारे ८०० एकरांवर कोविचन लोकांचा मूळ हक्क आहे, असं कोर्टानं म्हटलं. तिथे त्यांचं उन्हाळी मासेमारीचं गाव होतं. रिचमंड नगरपालिकेच्या नावावरचे तिथले मालकीहक्क सदोष आणि अवैध ठरवले, अंमलबजावणी अठरा महिने थांबवली. खासगी घरमालकांची मालकी रद्द करा, असं कोविचन लोकांनी मागितलंच नव्हतं. पण हे वाक्य फॉरवर्डमध्ये येत नाही. ऑक्टोबरमध्ये नगरपालिकेनं त्या भागातल्या घरमालकांना पत्रं पाठवली, की याचा तुमच्या मालकीवर परिणाम होऊ शकतो. ग्रुप पेटला. हात जोडणारे इमोजी गेले आणि ‘उद्या आपल्याला पण हाकलतील’ आलं. ‘आपण मेहनतीनं घेतलंय, फुकट नाही’ हे तर मी स्वतः टाइप केलं होतं. पाठवलं नाही, पुसलं. पण टाइप केलं होतं.

प्रांत आणि रिचमंड दोघेही अपिलात गेले. आणि मस्क्वियम लोकही या खटल्यात कोविचन लोकांच्या विरोधात होते: ती जमीन आमची, म्हणून. मला वाटलं, आता बाबा गोंधळतील. ते उलट खुलले. "हद्दीवरून भांडतायत ना? म्हणजे दोघांची वहिवाट खरी. खोट्या जमिनीला शेजारी नसतो."

त्याच रात्री म्हणाले, "तुझा उतारा काढ."

मी कधीच काढला नव्हता. ऑनलाइन काही डॉलर भरले, प्रिंट काढली. बाबांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. मालकाच्या रकान्यात आम्ही दोघं, बरोबर. खाली बँकेचा बोजा. त्यावर त्यांनी मान डोलावली, बोजा जगात सगळीकडे सारखाच. मग एका ठिकाणी बोट थांबलं. मागच्या मालकीचा क्रमांक, एकच.

"याच्या मागचा?"

मी समजावलं, की इथे टॉरेन्स पद्धत आहे. सरकारी नोंदवहीत नाव लागलं की मालकी पक्की. मागची साखळी कुणी तपासायची नाही, तेच या पद्धतीचं वैशिष्ट्य. व्यवहार सोपे होतात.

"म्हणजे पहिला फेरफार बघायचाच नाही?"

"बघायची गरज नाही, बाबा."

"कुणी काढली ही पद्धत? हुशार माणूस," म्हणाले, आणि हे कौतुक नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये ते परत जायला निघाले. पाऊस लागून राहिला होता, त्यांना वाड्याच्या कोलमची पेंढी आणि झोडणी आठवत होती. निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तो कागद घेऊन बसलेले दिसले. लेकीची पट्टी घेऊन कोऱ्या जागेत त्यांनी पेन्सिलीनं एक रकाना आखला होता आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. आपल्या सातबाऱ्यावर असतो तो.

"नावं सांग," म्हणाले. मी चार सांगितली. त्यांनी पेन्सिल टेकवली आणि उचलली. कुणाचं आधी? कुणाचं किती? सामाईक का? कोविचन लोकांनीही या बाजूला काही मागितलंय का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

"मग असं लिहिता येत नाही," म्हणाले. "आधी मोजणी मागवावी लागेल. आणि सगळ्यांना नोटिसा." कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "त्यांना विचारून लिही."

तो फ्रिजवर लावलाय. परवा लेकीनं त्या रिकाम्या रकान्यात मांजर काढलं, ते मी खोडरबरानं पुसलं, रेघ पुसली जाणार नाही अशा बेतानं.